पूजेला जोडलेले

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. हे पाणी सुमारे 18 किलोमीटरवरच्या गांधीग्रामहून खांद्यावरच्या कावडीने येते. मूळ विधी एवढाच: नदीचे पाणी, माणसाचा खांदा आणि महादेवाची पिंड. बाकीचे सारे त्याला जोडलेले आहे. कावडीला बांधलेल्या पाण्याच्या भरण्यांची चढती संख्या, सजावट, ढोल, ध्वनिक्षेपक, सोबतच्या गाड्यांवरचे फोकस आणि रंगीत पट्ट्या. या जोडलेल्या गोष्टींचे काय करायचे, हा वाद निघाला की दोन ठरावीक उत्तरे पुढे येतात. एक पक्ष म्हणतो, हे सगळे काढून टाका, भक्तीला रोषणाई लागत नाही. दुसरा म्हणतो, देवासाठी कितीही केले तरी कमीच. मला वाटते, दोघेही चुकीच्या जागी भांडतात. किती जोडले हे दुय्यम आहे, कसे जोडले ते पाहायला हवे. आणि 'कसे' याचे उत्तर मला धर्मशास्त्रात जितके सापडते, तितकेच त्या मिरवणुकीतल्या गाडीच्या वायरिंगमध्येही सापडते.

गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या प्रत्येक तारेवर किती भार येणार हे मोजलेले असते. पुढे मालक फॉग लाइट लावतो, मोठा हॉर्न, म्युझिक, चार्जर, एलईडी. सर्वांत सोपी रीत म्हणजे हाताशी येईल त्या जुन्या वायरीला टॅप मारायचा. दिवा लागतो आणि काम झाले असे वाटते. पण 55 वॅटचे दोन हॅलोजन 12 व्होल्टवर 9 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात आणि पार्किंगच्या बारीक दिव्यासाठी घातलेली तार त्यासाठी नसतेच. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते; प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. वरचे प्लास्टिक मऊ पडते, उघडी तार बॉडीला टेकते आणि मग बॅटरी शेकडो अँपिअर सोडायला मागेपुढे पाहत नाही. म्हणून जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळा फ्यूज बॉक्स बसवतो. बॅटरीपासून एक जाड तार, तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ मुख्य फ्यूज, तिथून नवा बॉक्स, आणि त्यातून प्रत्येक वस्तूला स्वतःची तार व स्वतःचा फ्यूज. जड लोड असेल तिथे रिले. मूळ वायरिंगला हात लागत नाही. एका फाट्यात बिघाड झाला तर तेवढा फाटा बंद पडतो, हेडलाइट आणि इंजिन चालू राहतात. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात: फ्यूज किती अँपिअरचा घालायचा हे तारेची जाडी ठरवते, दिव्याची भूक नव्हे. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतोच, तो तारेला वाचवतो.

आता पूर्वमीमांसेकडे वळू. यज्ञाचा विचार करताना मीमांसकांनी कर्माचे प्रधान आणि अंग असे दोन भाग केले. अंग प्रधानासाठी असते. दोहोंत विरोध आला तर प्रधानाचे चालते. इथवर कोणालाही सुचेल. खरी सूक्ष्मता जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात आहे. नित्यकर्म करताना एखादे अंग साधले नाही तरी कर्म उभे राहते. आजारी, निर्धन, म्हातारा माणूस जमेल तेवढे करतो आणि ते केलेलेच मानले जाते. फळाच्या इच्छेने केलेल्या काम्य कर्माला मात्र सगळी अंगे लागतात. कर्मठ म्हणून हिणवल्या गेलेल्या परंपरेत ही सवलत आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अंग गळाले तरी प्रधान चालू राहावे अशी सोय त्यांनी मुळातच करून ठेवली होती. या सोयीची कसोटी कावडीला लावून पाहावी. वाटेत साउंडची गाडी बंद पडली तर कावड पुढे चालते, की गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यात थांबते? चालत राहिली तर ती गाडी अंग आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फार कुरकुर करू नये. थांबली, तर जोडणी मूळ तारेवरच टॅप मारून झाली आहे आणि प्रधान कधीच बदलले आहे.

यावर मीमांसेतूनच आक्षेप घेता येईल. कावड अनेकांसाठी नवसाची, म्हणजे काम्य. मग तिची सगळी अंगे पुरी करायला नकोत का? करायला हवीतच. पण अंग ते, जे विधीने सांगितले. नवस बोलणारा पायी जाईन, पाणी आणीन, उपास करीन असे बोलतो. इतक्या वॅटचा आवाज करीन असे कोणी बोलत नाही. दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. उपासनेत नवे काही जोडत जाणे ही आपली जुनीच रीत आहे, मग रेघ आजच का ओढायची? वऱ्हाडात तर हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण तुकडोजी महाराजांचे भजन खंजिरीशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. मला खंजिरी मान्य आहे, मृदंग मान्य आहे, आणि तत्त्वतः ध्वनिक्षेपकही मान्य आहे. फरक एवढाच की खंजिरी वाजवणारा हात दमतो. कावडीत किती भरणी बांधायची हे शेवटी खांदा ठरवतो. जुन्या सगळ्या साधनांना शरीराची मर्यादा आपोआप होती, ती वेगळी घालावी लागली नाही, म्हणून शास्त्रकारांनाही तिचा फारसा विचार करावा लागला नसावा. जनरेटर दमत नाही. त्याला घसा नाही, पाय नाहीत, झोप नाही. निसर्गाने घातलेली मर्यादा निघून गेली असेल तर ती माणसाने हाताने घालावी लागते. जुने नियम पुन्हा घोकून ती परत येत नाही.

सर्वांत बळकट आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो. मर्यादा आधीच आकडा ठरवून बांधणे हे यंत्राचे काम झाले. भक्ती तर उचंबळून येते, आणि खरा धर्म त्या त्या क्षणीच्या विवेकात असतो. यात तथ्य आहे, पण विवेक कुठल्या क्षणी जागा असतो हेही पाहायला हवे. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमाला एकेका व्रतावर पत्रे लिहिली. त्यांत व्रताच्या गरजेबद्दलही एक पत्र आहे. जमेल तितके पाळीन असे म्हणणाऱ्यात एक तर दुबळेपणा असतो किंवा अहंकार, असा त्यांचा रोख आहे. व्रत शांत डोक्याने घेतात, ते डोके शांत नसेल त्या वेळेसाठी. हजारोंच्या गर्दीत, रात्रभर चालून आलेल्या तरुणाकडे सर्वांत आधी कशाची टंचाई पडत असेल तर ती विवेकाचीच. आता कोणी म्हणेल, वर मीमांसकांची सवलत उचलून धरली आणि इथे गांधीजींचा कडकपणा, हे जमायचे कसे? जमते, कारण दोन्ही वेगळ्या दिशांना लागू आहेत. कमी पडले तर माफ, जास्त झाले तर तोड. आणि ही तोडसुद्धा वाटते तितकी निष्ठुर नसते. 10 अँपिअरचा पात्याचा फ्यूज 11 अँपिअर गेले म्हणून लगेच उडत नाही. दहा टक्के जादा भार तो 100 तास तरी सोसेल असाच बनवलेला असतो. पस्तीस टक्के जादा झाला तर दहा मिनिटांच्या आत केव्हाही जातो, दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत. थोडे उतू जाणे सोसायचे, फार झाले की क्षणात थांबायचे. गांधीजींना हे ढिले वाटले असते. मी इथे फ्यूजच्या बाजूने आहे.

तारेची जाडी कोणाला धरून मोजायची, हे राहिलेच. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत घराला घर लागून आहे. तिथे मोजमाप नाचणाऱ्याच्या छातीचे धरून चालणार नाही. ते पाळण्यातल्या पोराचे, हृदयरोग्याचे, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याचे धरावे लागेल. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली, तीही याच न्यायाने. दुसऱ्याची शांती मोडून प्रार्थना करा असे कोणताच धर्म सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी म्हटले. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ध्वनिक्षेपक हा धर्माचा आवश्यक भाग नाही हे पुन्हा सांगितले. म्हणजे न्यायालये प्रधान कोणते आणि अंग कोणते हाच जैमिनींचा प्रश्न विचारत आहेत. पण कायदा हा साऱ्या गाडीचा मुख्य फ्यूज आहे. तो उडाला की सगळेच अंधारते. पोलीस थांबवतात तेव्हा साउंड आणि कावड दोन्ही थांबतात, आणि गाऱ्हाणे धर्मावर घाला आला असे होते. मुख्य फ्यूजपर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणून फाट्याचा फ्यूज आधी जायला हवा, आणि तो कावड नेणाऱ्या मंडळाच्याच हातचा आहे. साउंडचे किती बॉक्स, कोणत्या गल्लीत बंद, आणि बंद करा म्हणायचा अधिकार नेमका कोणाला, हे आषाढात बसून ठरवता येते.

या साऱ्या युक्तिवादाला एक हद्द आहे. फ्यूज दोन कारणांनी उडतो: लोड जास्त झाल्याने, किंवा कुठेतरी शॉर्ट झाल्याने. पहिल्यात वस्तू चांगली असते, फक्त जास्त असते. दोन दिवे कमी केले की भागते. दुसऱ्यात तार सोलली गेलेली असते, तिथे कितीही वेळा नवा फ्यूज घाला, उडणारच. वैतागून तिथे 10 च्या जागी 30 चा घालतात किंवा तांब्याची तार गुंडाळून देतात, आणि अनेक आगी अशाच दुरुस्तीतून लागत असाव्यात. उत्साहाने वाढलेला आवाज हा लोड आहे. वर जे काही म्हटले ते त्याला पुरेल. पण शेजारच्या मंडळाला हरवण्यासाठी, किंवा एखाद्या प्रार्थनास्थळासमोर मुद्दाम वाढवलेला आवाज हा शॉर्ट आहे. तिथे डेसिबलचा आकडा कमी करून काही साधत नाही, कारण 50 डेसिबलमध्येही डिवचता येते. ती सोललेली तार शोधण्याचे काम वेगळे, आणि ते श्रावणाच्या बाहेरच्या अकरा महिन्यांत करावे लागते.