शिक्का बसल्यावर

मालवणात मेढ्यावरच्या आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत मुंबईची पत्रं असत. काका लालबागच्या गिरणीत. महिन्याला मनिऑर्डर आणि तिच्या मागोमाग एक पाकीट. दहा वर्षांचा असताना, 1964 च्या सुमारास, मला तिकिटांचा नाद लागला आणि मी ती ट्रंक उघडली. पाकिटांचे कोपरे कापून परातीतल्या पाण्यात भिजत घातले. आजी शेजारी आमसुलं निवडत होती. एका लाल दोन आण्याच्या तिकिटावर नटराज होता, 1949 च्या मालिकेतला, आणि टपालाचा काळा गोल नेमका त्याच्या चेहऱ्यावर.

"देवाच्या तोंडार शिक्को मारल्यानी!" आजी म्हणाली. "आता ह्येका पाण्यात सोडूक होयो."

"पाण्यातच तर आहे," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि पुन्हा आमसुलांकडे वळली. तिच्या लेखी ते विसर्जन होतं, माझ्या लेखी संग्रहाची सुरुवात. आम्हा दोघांत बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवृत्तीनंतर वही पुन्हा काढली तेव्हा पुण्याच्या पुतण्याने एकच विचारलं, "काका, किती येतील याचे?" म्हणून शिकायला बसलो. भिंगाखाली कडेचे दात मोजायचे, दोन सेंटिमीटरमध्ये किती ते. काळ्या बशीत तिकीट पालथं घालून त्यावर बेंझिनचा थेंब सोडला की कागदातलं जलचिन्ह क्षणभर वर येतं. त्या नटराजाच्या कागदात तारे आहेत. ते तारे पहिल्यांदा उमटले तेव्हा माझा श्वास अडकला होता. मग कळलं की तारे सगळ्यांच्याच नटराजात आहेत.

बोधिसत्त्वाने तर चांगलंच फसवलं. त्याच मालिकेतल्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाचं चित्र उलटं छापलं गेलं, डाव्याचं उजवं झालं, आणि 1950 मध्ये दुरुस्त तिकीट काढावं लागलं. माझ्याकडे चुकीचं निघालं! रात्रभर झोप नाही. पण ती चूक ढिगाने छापली गेली होती, त्यामुळे किंमत जवळजवळ शून्य. उलट 1854 च्या चार आण्याच्या तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचं डोकं उलटं बसलेले नमुने मोजकेच उरले, म्हणून त्यांच्यासाठी जग वेडं. 1948 च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर 'सर्व्हिस' अक्षरं छापलेल्या अवघ्या 100 प्रती निघाल्या, त्याही अतिमोल. अपरिग्रहाचं व्रत सांगणाऱ्या माणसाचं चित्र तिजोरीत कुलूपबंद आहे, यावर हसावं की रडावं ते ज्याने त्याने ठरवावं.

खरी चूक माझीच होती, तीही परातीतली. सबंध पाकीट ठेवलं असतं तर त्यावर मुंबईचा शिक्का, मालवणचा शिक्का, दोन्ही तारखा, काकांचं अक्षर, सगळं एकत्र राहिलं असतं. जाणकार त्यालाच जपतात. मी पाकीट केरात टाकलं आणि त्याचा कोपरा तेवढा सांभाळला.

बाजारात कोरं तिकीट, मागचा डिंक शाबूत असलेलं, सहसा वापरलेल्यापेक्षा चढ्या भावाचं. म्हणजे ज्याने कधी कुणाचा निरोप नेला नाही, त्याला मान जास्त. पण हा न्याय आमच्या किनाऱ्यावर चालत नाही. आषाढात इथे पापडसुद्धा मऊ पडतो. कोरी तिकिटं एकमेकांना चिकटून त्यांची वडी होते, वर तांबूस ठिपके चढतात. माझी कोरी तिकिटं अशीच गेली. टिकली ती काम करून आलेली. त्यांचा डिंक मी परातीतच धुऊन टाकला होता.

आजीच्या बोलण्याकडे मी वळलो तो गणपतीत. भाद्रपदात गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणतो तेव्हा ती माती असते. प्राणप्रतिष्ठा झाली की देव. उत्तरपूजा करून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की शास्त्राप्रमाणे देव गेला, माती उरली. तिकिटाचं वेगळं काय? नाशिकच्या छापखान्यातला कागद, त्यावर सरकारने दोन आण्याचा प्राण घातला. शिक्का बसला, प्राण गेला. इथपर्यंत हिशेब जुळतो. पण हलवलेल्या त्या मूर्तीला आम्ही माती म्हणून टोपलीत टाकत नाही. डोक्यावर घेतो, टाळ वाजवतो, पाण्याशी पुन्हा आरती करतो, गळा दाटून येतो. देव गेल्यानंतर ही आरती कुणाची? पुरोहितांना विचारलं, ते म्हणाले, भाव. भाव हा शब्द मराठीत बाजारालाही चालतो आणि देवळालाही. त्यांनी कुठल्या अर्थाने म्हटलं ते मला समजलं होतं, पण पुतण्याचा प्रश्न आठवून हसू आलं.

दांडीच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. तिथे शिवराजेश्वराच्या मंदिरात महाराजांची मूर्ती पुजली जाते, आणि तटावरच्या छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे. हात कधीच उचलला गेला, उरला तो नुसता ठसा, आणि फूल वाहिलं जातं ते त्या खोलगट जागेला. आजी तिथे नमस्कार करायची. नटराजाच्या तोंडावरचा ठसा मात्र तिला खपला नाही. आता वाटतं, तो गोल मारणाऱ्या टपालवाल्याने उत्तरपूजाच केली होती. नंतर पाण्यापर्यंत न्यायचं राहिलं ते माझ्याकडून.

पुतण्याला सांगितलं, सगळे मिळून चहाचे पैसे येतील. तो निराश झाला. तिकिटांचा एक लिफाफा घेऊन गेला, बाकी वही इथेच. नटराज वहीत नाही. त्याला मी देवघरातल्या पंचांगात ठेवलंय. दर पाडव्याला जुनं पंचांग इतर निर्माल्याबरोबर पाण्यात सोडायला काढतो, तेव्हा आधी पानं चाळून त्याला बाहेर घेतो आणि नव्यात घालतो.