जागा नाही म्हणून

खेळण्यातल्या आगगाडीविषयी दिवाळी अंकात गंभीरपणे लिहायला बसलेला मनुष्य पाहून कोणाला हसू आले, तर त्याने खुशाल हसावे. दिवाळीत पोरे अंगणात मातीचा किल्ला करतात. त्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि शेजारचा वाघ मावळ्यापेक्षा मोठा असतो. त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. मग रुळांच्या नकाशातून एक गाव गळाले, तर एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे? मला मात्र त्यात थोडे काही आहे असे वाटते. ते वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा प्रपंच.

माझा भाचा पुण्याला असतो. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. 1 एप्रिल 1998 रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तिथल्या गाड्या, सिग्नल आणि दिव्यांचे इवले शहर पाहिल्यापासून या पोराला आगगाडीचा नाद लागला. यंदा सुटीत तो वलगावला आला तो संगणक काखोटीला मारूनच. आठ फूट बाय चार फुटांच्या फळीवर बडनेरा ते नरखेड हा आपल्या गावावरून जाणारा लोहमार्ग उभारायचा, असा त्याचा बेत होता.

हल्ली असे काम आधी पडद्यावर करतात. एक्सट्रॅककॅड, एनीरेल, स्कार्म अशी नावे असलेल्या आज्ञावल्या त्यासाठी मिळतात. बाजारातल्या रुळांचे सरळ तुकडे, वाकडे तुकडे, सांधे हे सारे मापासह त्यांत भरून ठेवलेले असते. एक तुकडा दुसऱ्याजवळ नेला की तो आपोआप चिकटतो. टोके दोन मिलिमीटरनी चुकली तर ती उघडी पडलेली लगेच दिसतात. लवचिक रूळ ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाकवला तर इशारा मिळतो. सुताराने लाकूड कापण्यापूर्वीच त्याची चूक दाखवणारा हा कारकून मला फार आवडला.

पण हिशेब मांडल्यावर आम्ही दोघेही गप्प झालो. या छंदात सर्वांत रुळलेले प्रमाण सत्त्याऐंशीस एक असे आहे. बडनेरा–नरखेड मार्ग सुमारे 138 किलोमीटरांचा. त्याला सत्त्याऐंशीने भागले तरी दीड किलोमीटरहून अधिक रूळ लागतो. आमच्या फळीवर वळणे धरून जेमतेम साडेपाच मीटर मावत होता. तेव्हा भाच्याने बडनेरा ठेवले, मोर्शी ठेवली, वरूड ठेवले, नरखेड ठेवले आणि बाकीची स्थानके एकामागून एक पुसली. त्यांत वलगावही गेले.

माझी आई मागे उभी राहून हे पाहत होती. तिने विचारले, "अन् आपलं वलगाव कुठी हाय यात?"

"आजी, जागाच नाही गं."

"जागा नाई म्हून घरातली मानसं बाहीर काढतेत का रे बाप्पा?" एवढे बोलून ती चकल्यांचा घाणा पाहायला आत गेली. भाच्याने माझ्याकडे पाहिले. "मामा, तुम्हीच सांगा, मी दुसरं काय करणार होतो?"

प्रश्न खरा होता. काही वगळल्याशिवाय प्रतिकृती होतच नाही. काहीही न वगळलेली प्रतिकृती म्हणजे तो मार्गच, आणि तो तर गावाबाहेर आहेच. शिवाय वगळणे आणि बदलणे गावाच्या आधीच सुरू झालेले असते. आपल्याकडच्या मोठ्या मार्गाचे रूळ एकमेकांपासून 1676 मिलिमीटरवर असतात. या प्रमाणात ते एकोणीस मिलिमीटरांच्या वर भरतात. बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरांचा, कारण तो परदेशी मापावर बेतलेला. उलट मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आमची जुनी 'शकुंतला' 762 मिलिमीटरांच्या रुळावरून धावत असे. तिला पावणेनऊ मिलिमीटर लागतात आणि नऊ मिलिमीटरांचा रूळ तयार मिळतो. गरीब गाडीच मापाला जास्त खरी उतरते! वळणांचे तेच. मोठ्या मार्गावर 175 मीटर त्रिज्येहून घट्ट वळण घेत नाहीत. त्या हिशेबाने फळीवर दोन मीटरांची त्रिज्या हवी. आम्ही अर्ध्या मीटराच्या आतच वळलो होतो.

या खोटेपणाबद्दल आई काही बोलली नाही, आणि तिला ते समजावून सांगितले असते तरी ती बोलली नसती. रूळ तीन मिलिमीटरनी अरुंद झाला म्हणून कोणाचे काही जात नाही. मग गाव गेल्याने तरी कोणाचे काय जाते? फळीवर नसले म्हणून वलगावचा बाजार भरायचा राहत नाही, की कोणाची गाडी चुकत नाही. हा आक्षेप मी मनात बराच घोळवला. मला वाटते, नुकसान गावाचे होत नाही. ते होते नकाशा काढणाऱ्याच्या सवयीचे. पडद्यावर एक कळ दाबली की स्थानक नाहीसे होते, आणि दोन्हीकडचे रूळ असे सफाईने जुळतात की मध्ये काही होते याची खूणसुद्धा उरत नाही. दोन मिलिमीटरांच्या फटीबद्दल जागरूक असलेला तो कारकून गाव गेल्यावर चकार शब्द काढत नाही. त्याच्या लेखी नकाशा निर्दोष झालेला असतो.

पुण्याच्या त्या काल्पनिक शहराचा प्रश्न वेगळा. ते कोणाचेच गाव नसल्यामुळे त्याच्यावर कोणाचे ऋण नाही. पण फळीवर 'बडनेरा–नरखेड' अशी पाटी लावली की आपण एक विधान केले, आणि विधान म्हटले की खरेखोटेपणाची जबाबदारी आली. घराण्याची वंशावळ लिहिणारा, गावाचा इतिहास लिहिणारा, लग्नपत्रिकेत कोणाची नावे घालायची ते ठरवणारा, या सर्वांची हीच अडचण असते. कागद पुरत नाही, ही सबब खरीच असते. मात्र कागद कमी पडला की नेहमी त्याच त्याच माणसांची नावे गळतात. विधवा आत्या गळते, शेतावरचा जुना सालदार गळतो. जागेची टंचाई सर्वांना सारखी असते. तिची झळ मात्र सारखी बसत नाही.

लहान कोण आणि मोठे कोण, हे तरी कशावरून ठरवायचे? 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो आमच्या वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी. सबंध महाराष्ट्र पायाखाली घातलेला हा माणूस. पण गावात शिरला की आधी खराटा हाती घेई, दिवसा गाव झाडी आणि मग रात्री कीर्तनाला उभा राही. पायाखाली आलेले गाव लहान की मोठे, हा हिशेब त्याने केला नाही. ते पुरते झाडले. सगळ्याचे थोडे थोडे करण्यापेक्षा थोड्याचे सगळे करणे, ही त्याची रीत होती.

प्रतिकृती करणाऱ्यांनाही ही वाट मोकळी आहे, आणि त्यांच्यातल्या जाणत्यांनी ती फार पूर्वीच धरली आहे. ते सबंध मार्ग घेत नाहीत. एकच स्थानक घेतात. फलाट, पाण्याची टाकी, निंबाचे झाड, बाकावरचा म्हातारा हे सारे मनापासून करतात. मग फळीच्या एका टोकाला आडोसा उभा करून त्यामागे साध्या रुळांचे एक यार्ड ठेवतात. गाडी त्या आडोशामागून येते, स्थानकात थांबते आणि पुन्हा आडोशामागे जाते. बडनेरा, मोर्शी, वरूड, नरखेड ही सारी त्या आडोशापलीकडे असतात. या रीतीतही वगळणे आहे, आणि भरपूर आहे. नरखेडच्या माणसाने तक्रार करावी इतके आहे. पण आडोसा पाहणाऱ्याला तो दिसतो. इथे जग संपत नाही, माझी फळी संपते, असे तो उघड सांगतो.

आपल्याला जे काही मांडायचे असते, ते फळीएवढ्याच जागेत मांडावे लागते, आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. फक्त रूळ इतके सफाईने जुळवू नयेत की वगळलेल्यांची फटही दिसेनाशी व्हावी. कुठेतरी एक आडोसा ठेवावा, आणि त्याच्यामागून गाडी येऊ द्यावी.