स्वप्रकाशन आणि नकाराचा अधिकार

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाविषयी मराठी वाङ्मयव्यवहारात दोन ठरीव निवाडे आढळतात. पुढे मान्यता मिळाली की तो बंडखोर ठरतो. न मिळाल्यास हौशी. हे दोन्ही निवाडे परिणामावरून केलेले असल्याने मूळ नैतिक प्रश्न बाजूला राहतो. तो प्रश्न हस्तलिखित छापखान्यात देण्याच्या क्षणाचा आहे : जे लेखन दुसऱ्या कोणी स्वीकारलेले नाही, ते वाचकापुढे ठेवण्याचा अधिकार लेखकाला कोठून मिळतो?

जोतीराव फुले यांचे उदाहरण येथे निर्णायक आहे. १८५५मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले; कमिटीने ते नाकारले. कुणबी जोडप्याला जोशी कसा नाडतो, हा त्या नाटकाचा विषय, आणि नकारामागे कमिटीतील ब्राह्मण सभासदांचा आग्रह होता, असे फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) नोंदवले आहे. १८६९मधील ‘ब्राह्मणांचे कसब’ त्यांनी स्वखर्चाने छापले. न्याय देणाराच वादात पक्षकार असेल, तर त्याच्या नकाराला वाङ्मयीन निर्णयाचा दर्जा देता येत नाही. पण प्रश्न केवळ विरोधकांच्या नकाराचा नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ची दोन प्रकरणे छापून सत्यशोधक चळवळीतल्याच ‘दीनबंधु’ने पुढचा भाग थांबवला. शत्रूच्या द्वेषाइतकीच मित्राची सावधगिरीही लेखन अडवू शकते.

एवढ्यावरून प्रत्येक नकार हा अन्याय असतो, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. प्रकाशक दोन भिन्न कार्ये करतो. तो भांडवल घालून छापण्याची अनुमती देतो, आणि लेखकाच्या हिताला न बांधलेले असे एक वाचन घडवून आणतो. स्वप्रकाशनाने पहिल्या कार्याची गरज उरत नाही, दुसऱ्याची उरतेच. अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल या कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ उभे केले आणि १९७६मध्ये त्यातून कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने आली. पुढच्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. रूढ प्रकाशनसंस्थेबाहेरचे हे मार्ग होते. पण तेथे लेखक एकटा नव्हता. व्यापारी संमती टाळली होती, समानधर्मी वाचकाची नजर टाळलेली नव्हती.

याच्या नेमके उलट चित्र आज आपल्या विद्यापीठीय क्षेत्रात दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने ग्रंथप्रकाशनाला गुण ठरवून दिले, आणि पुस्तक हा पदोन्नतीच्या हिशेबाचा भाग झाला. प्रबंध किरकोळ फेरफार करून छापला जातो. खर्च लेखकाचा, नाव प्रकाशनसंस्थेचे, आणि मधल्या काळात हस्तलिखित कोणी वाचलेले नसते. येथे दोष लेखकाने पैसे दिले हा नाही. जी संमती कोणी दिलेलीच नाही, ती मिळाल्याचा आभास मुखपृष्ठावरून निर्माण केला जातो, हा आहे. ‘हे मी छापले’ असे उघड सांगणारा लेखक वाचकाला निवाड्याचे स्वातंत्र्य देतो. उसन्या नावाआड उभा राहणारा ते काढून घेतो. त्या पुस्तकाच्या आधारे पुढचा विद्यार्थी आपले प्रतिपादन रचतो, तेव्हा या आभासाची किंमत त्याला मोजावी लागते.

स्वप्रकाशनाचा लाभ स्वातंत्र्य हा आहे. वितरणाचा अभाव, ग्रंथालयांची उदासीनता आणि घरात साचणारे गठ्ठे हे त्याचे व्यावहारिक तोटे आहेत. ते लेखकाने सोसायचे आहेत. नैतिक जबाबदारी दोन गोष्टींची : खर्च कोणाचा हे न लपवणे, आणि छापण्यापूर्वी ‘हे छापू नका’ असे म्हणू शकेल अशा एका तरी वाचकाच्या हाती हस्तलिखित देणे. त्याचा नकार मानलाच पाहिजे असे नाही. तो ऐकलेला असला पाहिजे. समीक्षकावरही एक जबाबदारी येते. प्रकाशकाचे नाव पाहून पुस्तक बाजूला ठेवणारा समीक्षक दक्षिणा प्राइझ कमिटीचेच काम पुढे चालवत असतो, आणि तेही पुस्तक न उघडता.