मधला दुवा

वसई पूर्वेला सातिवलीतल्या एका गाळ्यात प्लास्टिकचे सुटे भाग तयार होत. एका संध्याकाळी वापीला जायचा माल टेम्पोत चढला, पण बिल काही निघेना. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढाव्या लागतात. त्यांतली एक वाहतूकदाराची. ती हातात पडल्याशिवाय टेम्पोवाला हलणार नव्हता. प्रिंटरमधून मात्र अगम्य चिन्हांनी भरलेली पानं एकामागून एक बाहेर पडत होती.

बिलांचं काम त्याच दिवशी नव्या कॉम्प्युटरवर आलं होतं. हिशेब पाहणारे काका म्हणाले, "हा तुमच्या नव्या मशीनचा प्रताप. माझ्या जुन्यावर कधी असं झालं नाही."

मशीन बसवायला आलेला तरुण म्हणाला, "मशीन कोरं आहे, काका. तुमचा प्रिंटरच थकलाय."

कार्ट्रिज बदललं, केबल बदलली. आवाज चढत गेले, पानं कचऱ्याच्या डब्यात जात राहिली. शेवटी शेठनी नवा प्रिंटर मागवायला फोन उचलला.

"शेठ, जरा थांबता?" पॅकिंगमधली मुलगी म्हणाली. तिने आयटीआयमध्ये कोपाचा, म्हणजे कॉम्प्युटर चालवण्याचा, कोर्स केला होता. तिने प्रिंटरचंच बटण दाबून चाचणीचं पान काढलं. स्वच्छ आलं. जुन्या कॉम्प्युटरवरून एक पान काढलं. तेही स्वच्छ. मग तिने डब्यातून सगळ्यात आधी निघालेलं पान उचललं आणि पहिली ओळ वाचली : टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह, पुढे 'पीएस'.

"ही पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषेची सुरुवात आहे," ती म्हणाली. "आपल्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत नाही, पीसीएल ही दुसरी भाषा येते. पान प्रिंटरला कळेल अशा आज्ञांत उतरवणं हे ड्रायव्हरचं काम. दादा, नव्या मशीनवर ड्रायव्हरची दुसरीच आवृत्ती बसलीय. प्रिंटरला त्या आज्ञा कळत नाहीत, म्हणून तो त्या जशाच्या तशा छापतोय."

तरुणाने तपासलं, तसंच होतं. त्याने रांगेत अडकलेली कामं रद्द केली. नुसता प्रिंटर यादीतून काढला तर ड्रायव्हर मागे उरतो, म्हणून तोही मुळापासून काढला. मग प्रिंटरच्या कंपनीची पीसीएल आवृत्ती घेतली आणि काकांना विचारून दोन्ही कॉम्प्युटरवर तीच बसवली. तिन्ही प्रती सरळ, सुबक निघाल्या. टेम्पो अहमदाबाद हायवेला लागला.

काकांचा कॉम्प्युटर चांगला होता, तरुणाचंही मशीन चांगलं होतं, प्रिंटरही धडधाकट होता. आपापली बाजू राखण्याच्या भरात मधल्या दुव्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि बिघाडाने स्वतः लिहून दिलेली खूण सगळ्यांनी कचऱ्यात टाकली.

तात्पर्य : दोन्ही बाजू निर्दोष असूनही काम अडू शकतं. दोष कुणाचा हे ठरवण्याआधी एकाचं सांगणं दुसऱ्यापर्यंत कसं पोचतंय, ते पाहावं.