लाल दिव्याची तार

वारशाने हाती आलेली वस्तू आपण कितपत बदलावी, आणि बदलल्यावर कोणाला काय सांगावे, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो पाचाडच्या रस्त्यावर, आषाढातल्या एका रात्री, बंद पडलेल्या मोटारसायकलीच्या रूपाने.

गाडी महाडच्या आमच्या एका स्नेह्यांची. त्यांच्या वडिलांनी १९६६ साली घेतलेली जावा. वडिलांना हौस दांडगी. त्यांनी मूळचे हँडल काढून उंच हँडल बसवले, मागचा मडगार्ड आखूड केला, सीट स्वतः समोर उभे राहून शिवून घेतली. हौशी मंडळी अशा गाडीला ‘कस्टम’ म्हणतात. स्नेह्यांच्या मातोश्री तिला नुसते ‘ह्यांची गाडी’ म्हणतात. वडील गेल्यावर ती कित्येक वर्षे पडवीत उभी होती. पुढे एका गॅरेजात देऊन तिची दुरुस्ती करून घेतली, आणि ती जशीच्या तशी परत आली, अशी सर्वांची समजूत होती.

रायगड पाहून पाचाडहून महाडकडे निघायला आम्हांला उशीर झाला. जिजाबाईंच्या वाड्याच्या तटावर धुके उतरले होते. थोडे अंतर जातो न जातो तोच पुढचा दिवा पिवळा पडला, मग तांबूस झाला, आणि घाटातल्या एका वळणावर एंजिनच थांबले. ह्या गाडीत ठिणगीदेखील बॅटरीच्याच जोरावर पडते; बॅटरी रिती झाली की दिवा आणि एंजिन दोन्ही एकदम जातात. समोरून एस.टी. आली. चालकाने ऐन वेळी पाहिले, म्हणून हा लेख लिहिता येत आहे.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध फिटरने पडवीतच गाडी उघडली. जुन्या जावाच्या एंजिनाच्या उजव्या अंगाला डायनमो असतो: ६ व्होल्टचा, ४५ वॉटचा. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीत दिवा, हॉर्न, ठिणगी आणि बॅटरीची भरती, असा सारा संसार चालवायचा! वेग वाढला की डायनमो गरजेहून अधिक देऊ लागतो, वेग मंदावला की कमी. म्हणून मध्ये रेग्युलेटर. एका लहानशा डबीत त्याची दोन कामे चालतात. वाढत्या वेगाला तो फील्डचा प्रवाह आवरून दाब सुमारे ७ व्होल्टवर राखतो; आणि डायनमोचा दाब बॅटरीच्या खाली गेला की जोड तोडतो, नाहीतर बॅटरी उलट डायनमोतच रिती व्हायची. ह्या सगळ्याची खबर देणारा एक लाल दिवा असतो. एंजिन मंद असताना तो पेटतो, वेग घेताच विझतो. धावत्या गाडीत तो पेटलेलाच राहिला, तर भरती होत नाही असे समजावे.

आमच्या गाडीवरची डबी जुनीच होती. फिटरने झाकण काढले. आत रेग्युलेटर नव्हताच. दोन तारा आणि एक डायोड. डायनमोचे कार्बन झिजून संपलेले. म्हणजे भरती मुळी होतच नव्हती. बाहेरून भरून आणलेल्या बॅटरीवर गाडी चार-सहा फेऱ्या धावली, इतकेच. मग लाल दिवा सतत पेटायला हवा होता. तो का पेटला नाही? फिटरने हेडलॅम्पच्या आत बोट घालून एक तार बाहेर ओढली. ती कापलेली होती आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळलेली होती. फार व्यवस्थित गुंडाळलेली. त्या व्यवस्थितपणाचा आम्हांला आजही राग येतो.

आता पुढे काय करायचे? फिटरचे मत स्पष्ट होते: डायनमो काढा, १२ व्होल्टचा अल्टरनेटर घाला. त्याचे गणित खरे आहे. ३० वॉटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर अडीच. अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात दशांश ओहम जरी अडथळा असला, तरी ६ व्होल्टच्या गाडीत तिथे अर्धा व्होल्ट वाया जातो आणि दिव्याचा प्रकाश सुमारे चतुर्थांशाने घटतो. १२ व्होल्टला तो तोटा नगण्य. पण स्नेह्यांना गाडी विकायची होती, आणि पुण्याचे एक संग्राहक ती ‘ओरिजिनल’ म्हणून घ्यायला उत्सुक होते. तेव्हा फिटरने मधला मार्ग सुचवला. डायनमो तोच ठेवायचा, नवे कार्बन बसवायचे, आणि जुन्या डबीच्या आत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवायचा. “झाकण लावलं की कुणाला काय कळणार आहे, साहेब?”

आमचे स्नेही गप्प झाले. रिकाम्या डबीने त्यांना फसवले होते; आता भरलेल्या डबीने ते दुसऱ्याला फसवणार होते काय? कायद्याने त्यांना अडवले नसते. जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीची सोय झाली. गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी, एंजिन ह्यांत भारी फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. सीटखालच्या डबीची चौकशी कोण करतो?

आणि ‘मूळ’ तरी कशाला म्हणावे? जावा हे नावच दोन नावांची जोड आहे. १९२९ साली प्रागमध्ये यानेचेक नामक कारखानदाराने जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकलीचे हक्क घेतले, आणि दोघांची आद्याक्षरे एकत्र केली. तीच गाडी १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागली. त्यावर वडिलांचे उंच हँडल. यांतले मूळ कोणते? आमच्या मते वडिलांचे हँडलही मूळच. कारण ते सर्वांच्या देखत बदलले गेले.

पाचाडच्या वाड्याचे आम्हांला स्मरण झाले. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाबाईंनी याच गावी देह ठेवला. वाड्याचे तट आणि जोती उरली आहेत. त्यांनी साक्ष द्यावी, एवढेच आपण त्यांच्याकडून मागतो. गाडीकडून आपण अधिक मागतो: तिने जिवंत माणसाला रात्री घाटातून घरी आणावे. म्हणून वाड्यात जो बदल आम्हांला खपणार नाही, तो गाडीत खपतो. परंतु पुरातन वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसला जी सनद झाली, तिचे एक तत्त्व दोघांनाही लागू पडावे: नवी भर जुन्याशी शोभून दिसावी, तरी जुन्यापासून वेगळी ओळखू यावी. डबीत नवा रेग्युलेटर लपवणे आम्हांला गैर वाटत नाही. अंगरख्याच्या आत अस्तर नवे असतेच. तो घेणाऱ्यापासून लपवणे गैर. फरक झाकणात नाही, झाकण लावणाऱ्याच्या तोंडात आहे.

असे आम्ही सहज म्हणून गेलो, कारण पैसे आमचे जाणार नव्हते. निर्णय स्नेह्यांनी घेतला. डबीत नवा रेग्युलेटर बसला, अर्थिंगचा जोड खरवडून घट्ट केला, लाल दिव्याची तार पुन्हा जोडली. मग त्यांनी एका कागदावर साऱ्या वायरिंगची आकृती काढली, नवे काय ते निळ्या शाईने आणि जुने काय ते काळ्या, तारीख घातली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो सीटखाली ठेवला.

संग्राहक आले. गाडी सुरू झाली, लाल दिवा पेटला, वेग देताच विझला. स्नेह्यांनी सीट उचलून कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि ठरलेल्या रकमेतून बरीच रक्कम कमी करून मागितली. मातोश्री दारात उभ्या होत्या. स्नेह्यांनी त्यांच्याकडे पाहिले, मग किल्ली पुढे केली.