कच्चाथीवू परत मिळालं तरी

रामेश्वरमच्या मच्छीमारांना श्रीलंकेच्या नौदलानं पकडलं की आपल्याकडे ठरलेली हळहळ सुरू होते: १९७४ साली कच्चाथीवू बेट श्रीलंकेला देऊन टाकलं नसतं तर ही पाळी आली नसती. यात दोष कायम दुसऱ्याचा, म्हणून हे म्हणणं सगळ्यांना सोयीचं. पण उद्या बेट परत मिळालं तरी भांडण मिटणार नाही. दुखणं जाळ्याचं आहे.

१९७६ च्या कराराने एकमेकांच्या पाण्यातली मासेमारी बंद झाली, ती कागदावर. १९८३ पासून २००९ पर्यंत श्रीलंकेत यादवी चालली. उत्तरेकडच्या तमिळ कोळ्यांना नौदलाने समुद्र जवळजवळ बंदच केला. त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर वाढले आणि तिकडचं मोकळं पाणी सवयीनं आपलं झालं. युद्ध संपलं, जाफन्याचा कोळी फायबरची लहान होडी नि कर्जाची जाळी घेऊन पुन्हा उतरला, तर संध्याकाळी सोडलेल्या जाळ्याच्या सकाळी चिंध्या. ट्रॉलरचं जाळं जड फळ्यांच्या जोरावर तळ खरवडत जातं. कोळंबीबरोबर पिल्लं, शिंपले, समुद्रगवत सगळंच जाळ्यात. दोन देशांमधल्या पाल्कच्या उथळ उपसागराला हा मार सोसत नाही. रामेश्वरमचे ट्रॉलर आठवड्यातून ठरलेल्या तीन दिवशी निघतात; त्या रात्री तिकडचे कितीतरी कोळी धास्तीनं घरी बसत आले आहेत. दोघांची भाषा तमिळच. कच्चाथीवूवर संत अँथनीच्या जत्रेला दोन्हीकडची माणसं एकाच प्रार्थनेला बसतात, हे विशेष!

कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर मालवणच्या पाण्यात घुसून जाळी तोडतात, तेव्हा अन्याय कोणाचा हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. पाल्कमध्ये मलपीवाले आपण आहोत.

श्रीलंकेच्या नौदलानं निःशस्त्र खलाशावर गोळी झाडणं हा गुन्हाच, आणि तो घडलेला आहे. पण त्याच्या आड ट्रॉलरमालकाला लपू देऊ नये. तुरुंगात जातो तो मजुरीवरचा खलाशी. मालक बंदरावरच असतो. २०१० साली चेन्नईत दोन्हीकडचे मच्छीमार समोरासमोर बसले, वर्षभरात ट्रॉलिंग थांबवायचं ठरलं, थांबलं नाही. २०१७ मध्ये श्रीलंकेने स्वतःच्या पाण्यात तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी आपण तीन वर्षांत २,००० ट्रॉलर बदलून खोल समुद्रातल्या टुनाच्या नौका द्यायची योजना काढली, ती फारच थोड्या नौकांवर अडखळली.

ती योजना पुन्हा उभी करायची तर अनुदानात खलाशाचाही वाटा हवा, नाहीतर नवी नौका जुन्याच मालकाची होईल. आणि हद्द ओलांडून तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचा परवाना आपल्याच सरकारने रद्द करावा, पलीकडच्या नौदलाने पकडायची वाट न बघता.