शस्त्राची अमानत

जुनी वस्तू जपणाऱ्या माणसाविषयी सर्वांनाच आदर वाटतो. आजीचे पानदान, आजोबांचे खिशातले घड्याळ, हाताने लिहिलेली कुरआनची प्रत, शाई फिकी पडलेला निकाहनामा. ज्या घरात अशा वस्तू तीन-तीन पिढ्या सांभाळल्या जातात त्या घराला आपण खानदानी म्हणतो. पण त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेले एखादे जुने रिव्हॉल्व्हर असेल तर? पानदान पुसणे आणि रिव्हॉल्व्हर पुसणे ही एकच कृती आहे काय? एकीला सद्गुण म्हणायचे तर दुसरीलाही म्हणायचे काय? हा प्रश्न आम्हाला वाटतो तितका किरकोळ नाही.

आम्ही नगर जिल्ह्याकडची माणसे. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘नगर’च येते. हे शहर शस्त्रांच्या सहवासात वाढले. येथल्या किल्ल्यावर १५९५-९६ मध्ये चांदबीबी मोगलांशी लढली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीच्या तोफांनी हाच किल्ला घेतला. आज येथे लष्कराच्या रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. सुट्टीच्या दिवशी मुले आईबापांचे बोट धरून तेथे येतात, लोखंडाला हात लावून पाहतात. कोणाला भीती वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही. ती यंत्रे आता कोणाला मारणार नाहीत.

नगरनेच जगाला एक मोठी तोफ दिली आहे. मलिक-ए-मैदान. १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, मुहंमद रूमी या तुर्की ओतारीने ती नगरला ओतली. लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, वजन सुमारे ५५ टन. तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडला आहे. पुढे ती परांड्याला गेली, तेथून विजापूरला. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर जिंकले तेव्हा निजामशहाच्या लेखाजवळ आपलाही लेख कोरवला. इंग्रजांच्या अमलात, १८५४ साली, ही तोफ लिलावात निघाली आणि अवघ्या १५० रुपयांना गेली असे सांगतात; सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. निजामशाही, आदिलशाही, मोगल, इंग्रज – प्रत्येकाने तिला ‘आपली’ म्हटले. मालक गेले, तोफ बुरुजावर आहे.

ही तोफ वितळवली गेली नाही याचा आम्हाला आनंद आहे. तेव्हा शस्त्र दिसले की ते भट्टीत टाका, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. त्या मिश्रधातूत दख्खनच्या कारागिरीचा इतिहास आहे, आणि मारण्यासाठी घडवलेल्या वस्तूतही घडवणाऱ्याचा हात सुंदर असू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मलिक-ए-मैदान आणि कपाटातले रिव्हॉल्व्हर यांत एक मूलभूत फरक आहे. तोफ इतिहासात जमा झाली. रिव्हॉल्व्हर झाले नाही. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी बनवलेले ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर नीट ठेवले असेल तर आजही चालते. किंबहुना आपण त्याची जितकी चांगली निगा राखू तितके ते अधिक चांगले चालेल. सगळी अडचण येथे आहे. इतर जुन्या वस्तू जपताना आपण भूतकाळ जपतो. येथे आपण भविष्यातल्या एका शक्यतेलाही तेल घालत असतो.

ही निगा म्हणजे नेमके काय, तेही पाहू. हौशी मालक सुरुवातीलाच शिकतो की रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवायचे नाही. चामडे हवेतला ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये लोखंडाला गंज आणतात. घामेजल्या बोटांचा ठसाही दुसऱ्या दिवशी तांबूस डाग होऊन उमटतो. म्हणून मऊ सुती फडके, तेलाचा अगदी पातळ थर, नळीतून फिरवायचा ब्रश. वेब्लीचे रिव्हॉल्व्हर मधोमध मोडल्यासारखे खाली उघडते आणि उघडताना सहाही काडतुसे एकदम बाहेर ढकलते. ती खीळ सैल झाली की वस्तूची किंमत उतरते. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले की मूळचा निळसर मुलामा जातो आणि जाणकार तिला हात लावत नाही. रिकामा घोडा उगाच खटखटवायचा नाही. हे सारे चांगले संस्कार आहेत. संयम, स्वच्छता, घाई न करणे. एखाद्याने इतक्याच काळजीने आईच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या तर त्याला आपण आदर्श मुलगा म्हणू.

परंतु काळजी ज्या वस्तूची घ्यावी त्या वस्तूचा रंग मनालाही लागतो. शस्त्र पुसणाऱ्या हाताला ते एकदा उचलून नेम धरून पाहावेसे वाटते. मग पाहुण्याला दाखवावेसे वाटते. मग मोबाइलवर फोटो निघतो. मग लग्नाच्या वरातीत कोणी म्हणते, एक बार होऊन जाऊ द्या. देशात अशा हौसेच्या बारांनी इतके बळी घेतले की २०१९ मध्ये कायद्यात त्यासाठी वेगळे कलम घालावे लागले: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत बार काढणाऱ्याला कोणाला मारायचे नसते. त्याची नियत आनंदाची असते. म्हणजे प्रश्न नियतीचा नाही, नियतचा आहे. आणि नियत शुद्ध असणे पुरे पडते काय, हा आहे.

याचे उत्तर देणारी एक घटना आपल्या स्वातंत्र्यलढ्यात घडून गेली आहे. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ क्रांतिकारकांनी रेल्वेतला सरकारी खजिना लुटला. उतारूंना इजा करायची नाही, असे त्यांचे ठरले होते. त्यांच्यातल्या मन्मथनाथ गुप्त या कोवळ्या तरुणाच्या हातातले माउझर पिस्तूल अनवधानाने उडाले आणि अहमद अली नावाचा एक उतारू जागच्या जागी ठार झाला. या खटल्यात चौघांना फाशी झाली. त्यांतले अशफाकउल्ला खान १९ डिसेंबर १९२७ रोजी फैजाबादच्या तुरुंगात फासावर गेले. अशफाकउल्लांचे नाव आम्ही अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवे. पण अहमद अलीचे नाव किती जणांना ठाऊक आहे? तो ना इंग्रजांच्या बाजूचा होता ना क्रांतिकारकांच्या. तो फक्त त्या गाडीत होता. शस्त्राच्या इतिहासात वीरांची पाने भरलेली असतात. ‘फक्त त्या गाडीत असलेल्या’ माणसाला तळटीपही मिळत नाही.

आपल्या परंपरेत नियतला फार मोठे स्थान आहे, हे प्रत्येक मुसलमान मूल शिकते. पण शस्त्राचा विषय निघाला की हदीसमधली शिकवण वेगळ्याच बाजूने बोलते. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, म्हणजे कोणाला लागणार नाहीत, अशी पैगंबरसाहेबांची सूचना आहे. आपल्या भावाकडे शस्त्र रोखणे, मग तो सख्खा भाऊ का असेना, यालाही सक्त मनाई आहे. येथे कोणी विचारत नाही की तुझ्या मनात काय होते. टोक हातात धर, एवढेच सांगितले आहे. बाकी सर्व कर्मांत माणसाचे मन पाहिले जाते. शस्त्राच्या बाबतीत मनाच्या आधी हात पाहिला जातो. कारण सख्ख्या भावाविषयी कोणाचे मन वाईट असते? तरीही गोळी सुटते. या शिकवणीतले शहाणपण चौदाशे वर्षांनंतरही जुने झालेले नाही.

म्हणून वडिलोपार्जित शस्त्राला आम्ही मालमत्ता म्हणत नाही, अमानत म्हणतो. आता अमानत म्हटली की विचारावे लागते: कोणाची? सरळ उत्तर येते, आजोबांची. त्यांनी दिली, आम्ही सांभाळतो, मुलाला देऊ. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. आजोबा आता कोणत्याही गोळीच्या पलीकडे गेले आहेत. त्यांचे त्या वस्तूमुळे काही बिघडणार नाही. ज्याचे बिघडू शकते तो दुसराच कोणी आहे. घरातले आठ वर्षांचे पोर, वरातीत गच्चीवर उभी असलेली शेजारीण, भांडणात समोर आलेला चुलतभाऊ, किंवा नैराश्याच्या रात्री कपाट उघडणारा आपलाच तरुण मुलगा. शस्त्राची अमानत त्यांची आहे. ज्याच्यावर ते कधीही चालू नये, त्याच्या वतीने आपण ते ठेवलेले असते. असा विचार केला की निगेचा अर्थ बदलतो. रिव्हॉल्व्हर रिकामे ठेवणे, काडतुसे वेगळ्या जागी कुलुपात ठेवणे, किल्ली कोणाकडे आहे हे पक्के असणे – ही पहिली निगा. तेल आणि फडके त्यानंतर.

याच न्यायाने वारशाचाही विचार करावा लागतो. समजा, एका घरात तीन भाऊ आणि एक बहीण आहे. शेताचे, घराचे, दागिन्यांचे हिस्से शरीयतप्रमाणे होतात. रिव्हॉल्व्हरचा हिस्सा होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक वारला की शस्त्र आपोआप मुलाचे होत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. २०१६ च्या नियमांत, परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्राला त्याच्याकडे पंचवीस वर्षे झाली तर त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मिळण्याची सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आणली, आणि वारशाच्या बंदुका त्यातून वगळल्या नाहीत. अनेकांना हे जाचक वाटते. आम्हाला त्यात एक विचार दिसतो. प्रत्येक पिढीने नव्याने सिद्ध करावे की ही वस्तू तिच्या हाती सुरक्षित आहे. रक्ताच्या नात्याने जमीन मिळते. विश्वास मिळत नाही, तो मिळवावा लागतो. चारांपैकी कोणाला द्यायचे, याचे उत्तर ‘थोरल्याला’ असे नसून ‘ज्याचा राग लवकर शांत होतो त्याला’ असे असायला हवे, मग ती बहीण का असेना.

गंज दोन प्रकारचा असतो. एक लोखंडाचा, दुसरा गोष्टीचा. भगतसिंगांनी सॉन्डर्सवर झाडलेले कोल्ट पिस्तूल अनेक वर्षे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात होते, आणि ते भगतसिंगांचे आहे हे तेथे कोणाच्या ध्यानात नव्हते. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग दिला होता. त्या रंगाखाली क्रमांक झाकला गेला. रंग खरवडला तेव्हा ओळख पटली, आणि २०१७ मध्ये ते हुसेनीवाल्याच्या संग्रहालयात मानाने ठेवले गेले. लोखंड वाचवण्याच्या नादात इतिहास झाकला गेला होता. घराघरांत याच्या उलट घडते. तेथे काळा रंग नसतो, सोनेरी असतो. आजोबांनी याच शस्त्राने अमक्याला पळवले, तमक्याला पाडले. दर पिढीला एक शौर्य वाढते. अमानत राखणाऱ्याने हा मुलामाही खरवडायला हवा. ते रिव्हॉल्व्हर उभ्या आयुष्यात एकदाही चालले नसेल, तर तीच त्याची सर्वांत मोठी कीर्ती आहे. मुलांना तीच सांगावी.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण आपण ती सहसा बोलत नाही. दसऱ्याला एखाद्या वाड्यात जुन्या शस्त्राला झेंडूचा हार पडतो. आपल्या मोहल्ल्यात तसेच शस्त्र, तशाच परवान्याचे, असले तर आवाज खाली येतो. हा संकोच का आला हे वाचकांना समजावून सांगायला नको. परवान्याच्या कागदावर धर्माने फरक पडत नाही. लोकांच्या नजरेत पडतो. यावर दोन चुकीची उत्तरे संभवतात. एक, लाजेने ती वस्तू लपवून ठेवणे, नूतनीकरण टाळणे, कागद हरवू देणे. लपवलेले शस्त्र सर्वांत धोक्याचे असते. दुसरे, संशयाला उत्तर म्हणून छाती फुगवणे, तरुण पोरांनी ते कमरेला लावून मिरवणे. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात भीतीच मिशीला पीळ देऊन उभी आहे. आमच्या मते उत्तर एकच: कागद चोख, कुलूप पक्के, आणि विचारले तर सरळ सांगणे. निवडणुकीत जमा करा म्हटले तर वेळेवर जमा करणे. आपले नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी हे करायचे नाही. अमानत आहे म्हणून करायचे.

आणि कोणालाच हे जमण्यासारखे नसेल तर? घरात पिण्याची सवय असलेला कोणी असेल, भावाभावांत वाद पेटला असेल, किंवा कोणाला त्या वस्तूत रस राहिला नसेल, तर ती रीतसर सरकारजमा करणे किंवा परवानाधारकाला देऊन मोकळे होणे हेच तिचे उत्तम जतन आहे. आजोबांचा फोटो भिंतीवर राहू द्यावा. अमानत परत करण्यात नामुष्की नसते. उलट ती परत करता येते म्हणूनच ती अमानत असते.

नगरचा मोहरम प्रसिद्ध आहे. कोठल्याच्या बारा इमामांच्या सवाऱ्या निघतात, त्यात हिंदू आणि मुसलमान दोघेही खांदा देतात. शेकडो वर्षे ही गर्दी कोणाची आठवण काढते? ज्यांच्यावर शस्त्र चालले त्यांची. करबलात कोणाची तलवार किती धारदार होती याची चौकशी आज कोणी करत नाही. तहानेल्या लेकरांची नावे मात्र प्रत्येक घरात ठाऊक आहेत. शस्त्र सांभाळणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. फडके हातात घेताना आजोबांइतकीच त्या अनोळखी माणसाची आठवण व्हावी, ज्याला आपल्या कपाटात काय आहे हे कधीच कळणार नाही. त्याला ते कळू न देणे, हीच आपली राखलेली अमानत.